प्रौढ वयात पुन्हा शिक्षण: विद्याशाखा किंवा व्यवसाय निवडण्यापूर्वी

भारतात शिक्षण घेण्यासाठी वयाची कमाल मर्यादा आता थोड्याच ठिकाणी उरली आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी करण्यासाठी वय किमान १४ वर्षे लागते. वरची अट नाही. मुक्त विद्यापीठांत ती नाही आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही (आयटीआय) सर्वसाधारणपणे नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची कमाल वयोमर्यादाही मार्च २०२२ मध्ये रद्द झाली. मात्र शिक्षण पूर्ण झाल्यावर ज्या नोकरीसाठी किंवा परवान्यासाठी अर्ज करायचा, तेथे वय, पूर्वशिक्षण आणि अभ्यासाची पद्धत या तीन गोष्टी पुन्हा तपासल्या जातात. पस्तिशी-चाळिशीत शिक्षणाकडे वळणाऱ्या व्यक्तीने विषयाची आवड जरूर पाहावी; पण हाती येणारे प्रमाणपत्र कोण आणि कोणत्या नियमाने स्वीकारणार, याची चौकशी शुल्क भरण्याआधीच करावी.

वयाचा हिशेब सर्वांत सोपा, तरीही तोच अधिक वेळा राहून जातो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा ३८ वर्षे आणि मागासवर्गीयांची ४३ वर्षे आहे. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी ती ३२ वर्षे आहे. पस्तिसाव्या वर्षी तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतला, तर पदवी हाती पडेपर्यंत खुल्या प्रवर्गातील उमेदवारासाठी यातील पहिली संधीही जवळपास संपलेली असते. परिचारिकेच्या ‘जीएनएम’ अभ्यासक्रमाला तर प्रवेशासाठीच सर्वसाधारणपणे १७ ते ३५ वर्षे अशी अट आहे. विधी अभ्यासक्रमाचा इतिहास वेगळा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ च्या नियमांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० वर्षांची मर्यादा घातली होती. ही मर्यादा पुन्हा लागू करणाऱ्या परिपत्रकाला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये स्थगिती दिली. निवृत्तीनंतर विधी महाविद्यालयात बसणारे विद्यार्थी आज दिसतात, त्यामागे हा घटनाक्रम आहे.

यापेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न मधल्या गळलेल्या पायरीचा. मुक्त विद्यापीठांनी एके काळी बारावी न झालेल्या प्रौढांना पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे थेट पदवीकडे नेले. कल्पना उदार होती आणि शाळा अर्धवट सुटलेल्या हजारोंना तिचा आधार वाटला. परंतु पुढे नियुक्तीच्या वेळी या पदव्यांवर आक्षेप घेतले जाऊ लागले. अण्णामलाई विद्यापीठासंबंधीच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदवी न घेता मुक्त पद्धतीने थेट मिळवलेली पदव्युत्तर पदवी नियुक्तीसाठी ग्राह्य धरली नाही. मुक्त पद्धतीने पूर्वअर्हतेशिवाय थेट बारावी किंवा पदवी मिळवलेल्यांना विधी प्रवेशासाठी अपात्र ठरवणारी तरतूद बार कौन्सिलच्या नियमांतही आहे. दहावी, बारावी आणि पदवी हा क्रम अखंड ठेवणे म्हणूनच इष्ट. त्यासाठी दोन वर्षे जास्त लागली तरी ती वाया जात नाहीत.

हा क्रम भरून काढण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. ‘एनआयओएस’मध्ये नोंदणी पाच वर्षे वैध असते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एक-दोन विषय देऊन उत्तीर्ण होता येते. दुसऱ्या मंडळात पूर्वी उत्तीर्ण झालेल्या काही विषयांचे गुण ठरावीक मर्यादेत पुढे आणता येतात. महाराष्ट्र राज्य मंडळात खासगीरीत्या बसण्यासाठी भरला जाणारा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ मराठी घरांत परिचित आहे. नोकरी किंवा घर सांभाळून शिकणाऱ्याला बहुधा पहिला मार्ग सोयीचा ठरतो, कारण त्यात सर्व विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत.

पदवीच्या टप्प्यावर अभ्यासाची पद्धत निर्णायक ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. परंतु अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार, वास्तुशास्त्र, विधी, कृषी यांसारखे अभ्यासक्रम या पद्धतीने चालवताच येत नाहीत. मानसशास्त्र, आहारशास्त्र, पोषणविज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषयही आरोग्यसेवेशी संबंधित म्हणून २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या यादीत गेले. मुले मोठी झाल्यावर शिक्षणाकडे परतणाऱ्या अनेक स्त्रिया समुपदेशन किंवा आहारतज्ज्ञाचा व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवून यांपैकीच एखादा विषय निवडत असत. त्यांना आता प्रत्यक्ष महाविद्यालय गाठावे लागेल. जुनी माहितीपत्रके त्यांच्या उपयोगाची नाहीत.

शिक्षकी पेशाबाबत अशीच सावधगिरी हवी. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवण्यासाठी बीएड ही पात्रता पुरेशी नसल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. त्या वर्गांसाठी प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. ‘शिक्षक व्हायचे आहे’ एवढ्यावर प्रवेश घेऊ नये. कोणत्या इयत्तेला शिकवायचे, ते आधी निश्चित करावे.

हस्तकौशल्याच्या व्यवसायांत चित्र पुष्कळ स्वच्छ आहे. आयटीआयची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यासाठी गणित आणि विज्ञान विषयांसह दहावी लागते. वायरमन किंवा सुतारकाम यांसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण चालते. नळकारागीर आणि संगणक चालक हे अभ्यासक्रम वर्षभराचे आहेत. येथे मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्यांना महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो. स्वतंत्रपणे वीजजोडणीची कामे घ्यायची असतील, तर मात्र राज्याचा विद्युत परवाना वेगळा काढावा लागतो.

वर्षानुवर्षे काम करून शिकलेल्यांसाठी ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’ म्हणजे पूर्वकौशल्याची मान्यता ही सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. यात अल्प मार्गदर्शनानंतर मूल्यमापन होते आणि प्रमाणपत्र मिळते. गवंडी, सुतार, लोहार, शिंपी, कुंभार अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साह्य आणि दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत ५ टक्के दराने कर्ज मिळते. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ घेता येतो. या प्रमाणपत्रांचा उपयोग कर्ज, अवजारे किंवा कंत्राटदाराकडील ओळख यांसाठी होतो. भरतीच्या जाहिरातीत आयटीआय मागितले असेल, तर ती त्याची जागा घेत नाहीत.

खर्च मोजताना शुल्कापेक्षा बुडणारा रोजगार मोठा असतो. दरमहा १२ हजार रुपये मिळवणाऱ्याने दोन वर्षे पूर्णवेळ शिक्षण घेतले, तर २ लाख ८८ हजार रुपयांची मिळकत थांबते. सरकारी आयटीआयचे शुल्क त्यापुढे किरकोळ ठरते, परंतु तेथे पूर्णवेळ हजेरी अनिवार्य असते. नोकरदारांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून काही महाविद्यालयांत सोयीच्या वेळेत पदविका आणि पदवी अभ्यासक्रम चालवण्यास मुभा दिली आहे. त्यासाठी कामाचा अनुभव लागतो. मुक्त विद्यापीठांतून तीन वर्षांची पदवी सावकाश करण्याचीही सवलत असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात ती सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकांना आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि मराठीतून उच्च शिक्षणाची मोठी सोय त्याने केली. तथापि राज्य मुक्त विद्यापीठांचे दूरस्थ शिक्षणाचे कार्यक्षेत्र त्या-त्या राज्यापुरते असते. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहून त्याच्या अभ्यासकेंद्राचा लाभ घेता येत नाही. शालेय स्तरावर ‘एनआयओएस’ची दहावी मराठी माध्यमातून करता येते, पदवीसाठी इंदिरा गांधी विद्यापीठ देशभर उपलब्ध असले, तरी तेथे मुख्यतः इंग्रजी किंवा हिंदी माध्यमाची तयारी ठेवावी लागते.

अर्धवट सुटलेली जुनी पदवी पुढे नेण्याची अपेक्षा अनेक जण ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’कडून ठेवतात. ही व्यवस्था २०२१ ची आहे आणि २०२१-२२ पासून मिळवलेली श्रेयांकेच तिच्यात जमा होतात. त्याआधीच्या वर्षांबाबत मूळ विद्यापीठाकडेच चौकशी करावी लागते. प्रवेशाच्या तयारीत शाळा सोडल्याचा दाखला, मूळ गुणपत्रिका, दुसऱ्या मंडळातून आल्यास स्थलांतर प्रमाणपत्र आणि खंडित शिक्षणाबाबतचे प्रतिज्ञापत्र यांना वेळ लागतो. गुणपत्रिकेवर माहेरचे आणि आधार कार्डावर सासरचे नाव असलेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र अर्जाची मुदत सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवावे. दूरस्थ अभ्यासक्रमाची मान्यता संस्थेच्या जाहिरातीतून ठरवू नये. ती दर सत्राला आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या यादीत पाहता येते आणि तेथे संस्थेचे तसेच त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव, दोन्ही असावे लागतात.