सातबारा, संगणकीकृत : क्षेत्रदुरुस्ती (मुळशी तालुका)

गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) व नमुना १२ (पिकांची नोंदवही) यांचा एकत्रित उतारा म्हणजे सातबारा. हस्तलिखित उतारे संगणकावर घेताना राहिलेल्या चुका निस्तरण्याचे काम महसूल खात्यात आजही चालू आहे. मुळशीचे तालुक्याचे ठिकाण पौड. दुरुस्तीचे अर्ज तेथील तहसील कार्यालयाकडे येतात.

रचना : गटाखाली खाती, खात्याखाली खातेदारांची नावे, नावापुढे फेरफार क्रमांक (नमुना ६). खातेदाराची गावातील सर्व जमीन नमुना ८अ वर एकत्र येते, म्हणून सातबाऱ्यावर चुकलेला आकडा तिथेही उतरतो.

क्षेत्राच्या चुका : या सर्वांत महत्त्वाच्या. शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर.आर.चौ.मी. असे तीन भागांत लिहितात, १०० चौ.मी.चा आर, १०० आरचा हेक्टर. समजा, २.४०.०० क्षेत्राच्या गटात १.२०.००, ०.८०.०० व ०.४०.०० अशी तीन खाती आहेत. जुन्या उताऱ्यावर मधले क्षेत्र ‘०.८’ असे लिहिले असेल आणि ते आरच्या रकान्यात ८ म्हणून भरले गेले, तर खात्यांची बेरीज १.६८.०० होते. ७२ आर जमीन कागदावरून नाहीशी होते. बांध मात्र जागच्या जागी असतो. एकूण क्षेत्र आणि खात्यांची बेरीज यांचा मेळ बसत नसलेले गट संगणक काढून देतो. चूक नेमकी कुठल्या खात्यात, हे जुना उतारा व फेरफार समोर ठेवूनच ठरते. बिनशेतीचे क्षेत्र आर.चौ.मी. मध्ये असते, हिंजवडी, बावधन अशा वेगाने बिनशेती झालेल्या गावांत एकक तपासणे त्यामुळे अत्यावश्यक.

खात्याचा प्रकार : सामाईक खाते व्यक्तिगत म्हणून नोंदले गेल्यास नावे व क्षेत्र यांची सांगड तुटते.

पोटखराब : वर्ग अ व ब, लागवडीयोग्य क्षेत्रापासून वेगळे दाखवतात.

दुरुस्ती : एडिट मोड्यूल, गावोगावी चावडी वाचन, री-एडिट मोड्यूल आणि पुढे ऑनलाइन डेटा करेक्शन, असे टप्पे झाले. कायद्याचा आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५५. लेखनप्रमाद, हितसंबंधितांनी मान्य केलेल्या चुका आणि तपासणीत अधिकाऱ्याच्या लक्षात आलेल्या चुका यांपुरतेच हे कलम आहे. तपासणीत लक्षात आलेली चूक मात्र संबंधितांना नोटीस देऊन, हरकती निकाली काढल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही. लेखनप्रमाद कुठे संपतो आणि हक्काचा वाद कुठे सुरू होतो, यावर मतभेद आहेत.

अर्जदाराने हस्तलिखित सातबाऱ्याची प्रत आणि त्या क्षेत्राचा मूळ फेरफार अर्जासोबत जोडावा.