वजनकाटा, श्वास आणि एक सुई

पेण-रोहा मेमूत इयरफोन लावून बसलेल्यांना एक प्रश्न. बाळ आजारी पडलं की डॉक्टर आधी वजन का करतात? मोठ्यांच्या गोळीचा पाव तुकडा दिला की झालं, असं का नाही?

याचं उत्तर फार महागात मिळालंय. क्लोरॅम्फेनिकॉल हे तेव्हाचं नावाजलेलं अँटिबायोटिक. अमेरिकेत दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून ते द्यायचे. बाळं राखाडी पडायची आणि दगावायची. 1959 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी औषध दिलेल्या आणि न दिलेल्या बाळांची तुलना केली, तेव्हा कळलं की जीव औषधच घेत होतं. नवजात बाळाच्या कच्च्या यकृताला ते पचवता येत नव्हतं, रक्तात साचत जायचं.

नंतर आलेलं जेंटामायसिन रक्तातल्या जंतुसंसर्गावर चांगलं, पण डोस चुकला तर मूत्रपिंड आणि कान धोक्यात. म्हणून ते हॉस्पिटलातच द्यायचं. आणि हॉस्पिटल लांब असेल तर? रोह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून रात्री बाळ खाली आणणं काय असतं, हे आपल्यातल्या काहींना माहीत आहे.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हाच प्रश्न हातात घेतला. 39 गावांत काम, 47 गावं तुलनेला. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या. 1996 पासून आईवडिलांच्या संमतीने त्या जेंटामायसिनचं इंजेक्शनही देऊ लागल्या, सोबत को-ट्रायमोक्साझोलचं सिरप.

1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले. उपचाराआधी सेप्सिसच्या 163 बाळांपैकी 16.6 टक्के दगावली होती. उपचार केलेल्या 71 मध्ये 2.8 टक्के. म्हणजे 27 आणि 2.

आता माझ्यातला इंजिनिअर कुरकुरतो. गावं काही चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, आणि इंजेक्शनसोबत बाळाला ऊब देणं, अंगावर पाजणं हेही सुधारलं होतं. सगळं श्रेय सुईचं नाही. तरी 27 आणि 2 हा फरक मला सहज झटकता येत नाही.

आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात ना, ती पद्धत देशभर 2011 मध्ये सुरू झाली. जेंटामायसिनची सुई, तीही ठरावीक परिस्थितीतच, सरकारने नर्सताईंच्या हातात दिली 2014 मध्ये.