एकच शिवी पुरेशी आहे का?

अमेरिकेत कामाच्या ठिकाणी वंशावरून छळ झाला, तर १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली मालकावर दावा करता येतो. छळ ‘गंभीर किंवा वारंवार’ असावा लागतो. यातला ‘किंवा’ मोलाचा. वरिष्ठाने कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याला दिलेली एकच वांशिक शिवीही पुरेशी ठरू शकते, असे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०१३मध्ये म्हटले.

आपला १९८९चा ॲट्रॉसिटी कायदा जातिवाचक शिवीला थेट गुन्हा मानतो, पण ती लोकांदेखत दिलेली असावी लागते. चार भिंतींआड, बाहेरचे कुणी नसताना दिलेली शिवी त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितले. आणि साहेब बोलतो ते बहुधा केबिनचे दार लावूनच! म्हणून आम्ही तरुणांना सांगतो: तारीख, वेळ, नेमके शब्द, तिथे कोण होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.