भाषा पुढे, पुस्तक मागे

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी संगणकाची 'सी' ही भाषा घडवली, ती मुख्यतः १९६९ ते १९७३ या चार वर्षांत. तिच्या नियमांची संदर्भपुस्तिकाही त्यांनीच लिहिली. १९७८ साली ब्रायन कर्निहॅन यांच्यासह त्यांचं पुस्तक आलं. ही पुस्तिका त्यात परिशिष्ट म्हणून होती आणि पुढे बरीच वर्षं तीच प्रमाण मानली गेली.

भाषा मात्र थांबली नाही. 'व्हॉइड', 'इनम' अशी भर पडत गेली. छापील पान होतं तिथंच राहिलं. जिथं पुस्तक मोघम होतं, तिथं प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारे कंपायलर आपापला अर्थ लावू लागले. एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर अडू लागला.

अखेर १९८३मध्ये अमेरिकी मानक संस्थेनं समिती नेमली. नियम शब्दन् शब्द तपासून प्रमाण मसुदा मंजूर व्हायला १९८९ उजाडलं. म्हणजे भाषा घडली चार वर्षांत, ती नेमकी लिहायला लागली सहा! रिची २०११ साली गेले. प्रमाण मसुद्याची नवी आवृत्ती २०२४मध्येही निघाली. भाषा वापरात आहे, तोवर हे लिहिणं संपत नाही.