फॉलिक आम्लाच्या शोधातील मुंबईचा अध्याय

अलोरे (ता. चिपळूण, जि. रत्नागिरी) असो वा देशातील अन्य गाव, शासकीय कार्यक्रमांतर्गत गर्भवतीस दिल्या जाणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. लोह हे खनिज, तर फॉलिक आम्ल हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व होय. लोहाचा औषधी उपयोग प्राचीन आहे. फॉलिक आम्लाच्या शोधाचा प्रारंभ मात्र मुंबईत झाला. ज्या गिरण्यांच्या मजुरीवर रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य घरांची चूल पेटत असे, त्याच गिरण्यांतील स्त्रियांच्या आजारातून हा शोध पुढे आला.

इ.स. १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स (१८८८-१९६४) लंडनहून मुंबईस आल्या. गरोदरपणात होणाऱ्या एका तीव्र, अनेकदा प्राणघातक रक्तक्षयाचे कारण शोधणे हा त्यांचा उद्देश होता. या विकारात तांबड्या रक्तपेशी संख्येने घटतात व आकाराने वाढतात. डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या सहकार्याने केलेल्या पाहणीत हा विकार प्रामुख्याने गरीब, फळे-भाज्या व प्रथिने क्वचितच मिळणाऱ्या स्त्रियांत आढळला. संसर्गाऐवजी आहाराकडे लक्ष वळले, ते येथे.

विल्स यांनी तोच निकृष्ट आहार उंदरांना दिला. त्यांच्यातही रक्तक्षय दिसला. परंतु त्यामागे उवांमार्फत पसरणारा जंतुसंसर्ग होता, असे पुढे उघड झाले. प्रयोगाचा आधार असा डळमळीत असला तरी रुग्णांवरील अनुभव खरा ठरला. यीस्टपासून बनविलेल्या ‘मार्माइट’ या स्वस्त खाद्यपदार्थाने स्त्रिया बऱ्या झाल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. शुद्ध केलेल्या यकृत-अर्काने हा रक्तक्षय हटत नसे. म्हणजे यीस्टमधील घटक निराळा होता. त्यास ‘विल्स फॅक्टर’ असे नाव मिळाले.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले. नावाचे मूळ ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले. तेथील संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती. विल्स यांचे नाव पाठ्यपुस्तकांत अभावानेच येते. त्या गिरणी कामगार स्त्रियांची तर नावेही उरली नाहीत.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते व उष्णतेने काही अंशी नष्ट होते. त्यामुळे शिजविलेल्या कुळथाचे पाणी फेकून न देता त्याचे कढण करण्याची कोकणातील रीत आहारशास्त्रदृष्ट्याही उचित ठरते.