खळे आणि पायली

आमच्या राहुरीकडे शेतकऱ्याला वर्षाच्या श्रमाचा निकाल खळ्यावर कळतो. रास मापली की वाद मिटला. कलाशाळेतील विद्यार्थ्याचे तसे नाही. वर्षअखेरीस त्याची कृती प्रदर्शनात मांडली जाते खरी. पण मापणाऱ्यागणिक माप बदलते.

मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली. तेथील विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' हा प्लास्टरचा पुतळा घडविला. देवदर्शनास निघालेल्या महाराष्ट्रीय तरुणीचा हा पुतळा बाँबे आर्ट सोसायटीच्या रौप्यपदकास पात्र ठरला. विलायतेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. हिंदुस्थानात ललितकला या नात्याने शिल्प व चित्र नाहीतच, असे १८८० साली लिहिणारे हेच बर्डवुड! पुढे १९१० साली जाव्हा बेटातील एका बुद्धमूर्तीस त्यांनी उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली.

म्हात्र्यांचा विषय देशी, पण हाताचे वळण पाश्चात्त्य वास्तवदर्शनाचे होते. आणि परीक्षकाजवळ तेवढेच एक माप होते, असे आम्हांस वाटते. त्याने पुतळ्याचे मोल घटत नाही. परंतु निकाल घेऊन आलेल्या मुलास 'किती गुण?' एवढेच विचारून आम्ही अध्यापक आणि पालक थांबतो, हे बरे नव्हे. 'माप कोणाचे?' हेही त्यास विचारावयास शिकविले पाहिजे. रास आपली असली, तरी पायली परक्याची असू शकते.