प्रवरेचे खोरे आणि विमानाची खिडकी

मुलूख उंचावरून न्याहाळण्याची आस विमानाहून फार जुनी आहे आणि सह्याद्रीच्या प्रांतात ती शतकानुशतके किल्ल्यांनी पुरविली. परंतु रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा अकोले, संगमनेर, नेवासा या गावांजवळून वाहत जाऊन टोक्यापाशी गोदावरीस कशी मिळते, हे एकाच बैठकीत पाहण्याचे भाग्य ना रतनगडाच्या किल्लेदारास लाभले, ना नेवासा परगण्याचे महसुली दप्तर राखणाऱ्या कारकुनास. ते विमानातील सामान्य उतारूच्या वाट्यास आले, आणि म्हणून त्याने आपली खिडकी विचारपूर्वक निवडली पाहिजे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूस विमान घेऊन आले, तेव्हा त्या सेवेचा मुख्य ऐवज टपाल हाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर डाकोटा विमानांनी देशांतर्गत उतारू-वाहतूक वाढविली आणि १९५३ साली राष्ट्रीयीकरण होऊन ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. डाकोटाचे पंख खिडक्यांच्या खाली असल्यामुळे मधल्या आसनावरील उतारूस भूमीऐवजी पंखाचा पत्राच अधिक दिसे. पुढे आलेल्या फॉकर फ्रेंडशिपचे पंख मात्र छताशी जोडलेले असल्याने खालचा प्रदेश दृष्टीस मोकळा झाला. आजच्या एटीआरचीही रचना तशीच आहे. एअरबस किंवा बोइंगमध्ये पंखाच्या पुढचे आसन घ्यावे, कारण मागे बसल्यास इंजिनातून निघणाऱ्या उष्ण हवेमुळे दृश्य थरथरते आणि धूसर होते.

आसनाइतकेच महत्त्व प्रकाशाचे. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेले इंग्रज पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी अलेक्झांडर केलर यांच्यासह १९२४ साली वेसेक्स प्रांताची हवाई छायाचित्रे घेतली आणि १९२८ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जमिनीवर उभ्या माणसाला न जाणवणारे बुजलेले खंदक आणि बांध तिरप्या उन्हातील सावल्यांमुळे आकाशातून स्पष्ट ओळखता येतात, हे त्या उद्योगाने सिद्ध झाले.

नेवाशाचा भूतकाळ मात्र कुदळीने उघड केला. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेकाठच्या लाडमोड टेकडीवर व परिसरात उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगीन हत्यारांपासून ताम्रपाषाणयुगीन वस्ती, सातवाहनकाळ, रोमन व्यापाराच्या खुणा आणि मुसलमानी-मराठी अंमलापर्यंतची दीर्घ परंपरा एकाच स्थळी सापडली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य येथेच सांगितले, आणि ज्या खांबाला टेकून ते सांगितल्याची श्रद्धा आहे तो पैस आजही पूजिला जातो. विमानाच्या उंचीवरून टेकडी किंवा मंदिर ओळखणे दुष्कर. परंतु काळी कसदार माती, बारमाही नदी, जवळचा संगम आणि गोदावरीच्या काठाने खाली प्रतिष्ठानाकडे जाणारी वाट ही मांडणी दिसली, की माणूस याच ठिकाणी पुनःपुन्हा का वसला, याचा उलगडा होतो.

त्याच गोदावरीने एकेकाळी इंग्रजांचा नगर जिल्हा आणि निजामाचा मुलूख यांची सरहद्द सांभाळली. १९४८ साली निजामाची सत्ता संपल्यावर त्या सरहद्दीचा राजकीय अर्थ पालटला. पुढे १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते कोनशिला बसून १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागराने नदीकाठची अनेक गावे पोटात घेतली. ज्या गावकऱ्यांची घरे व शेते त्या पाण्याखाली गेली, त्यांचा त्याग वरून दिसणाऱ्या निळ्या विस्ताराच्या शोभेत विसरता कामा नये.

मुंबईहून छत्रपती संभाजीनगरास जाताना नेवासा सरळ मार्गाच्या दक्षिणेस राहतो. म्हणून जाताना उजवी आणि परतताना डावी खिडकी घ्यावी, पावसाळ्यानंतरचे निरभ्र दिवस निवडावेत आणि दक्षिणेचे ऊन डोळ्यांवर येणारी हिवाळ्यातील दुपार टाळावी. वारा व उतरण्याची दिशा यांप्रमाणे मार्ग थोडा बदलतो, हे ध्यानी धरावे. सर्वांत आधी मात्र नकाशा उलगडून प्रवरेचा प्रवाह बोटाने गिरवावा. ज्याला नदीचे नाव व इतिहास ठाऊक आहे, त्यालाच खिडकीचे खरे मोल कळते.